मुंगीची चाल : फोर्मिगाची सव्वीस वर्षे

गेल्या खेपेस आपण गोलरक्षकाबद्दल बोललो. तेव्हा काहींनी विचारले, "साहेब, गोल करणारा कळतो, गोल अडवणारा कळतो. पण मधल्या फळीत दिवसभर पळत असलेली माणसे नेमके काय करतात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर व्याख्येने देण्यापेक्षा एका बाईच्या कारकिर्दीतून द्यावे असे वाटले. बाई ब्राझीलची आहे. तिचे पूर्ण नाव मिराइल्देस मासिएल मोता, आणि जग तिला फोर्मिगा म्हणते. पोर्तुगीज भाषेत फोर्मिगा म्हणजे मुंगी.

हे नाव तिला लहानपणीच चिकटले. ती स्वतःसाठी खेळत नाही, संघासाठी राबते, कुठल्याही कोपऱ्यात पोचलेली असते, म्हणून मुंगी. ब्राझीलमध्ये टोपणनावाशिवाय फुटबॉलपटू होत नाही, पण इतके नेमके टोपणनाव मी दुसरे पाहिलेले नाही. मी पायदळातला माणूस. पायदळात अशी माणसे भेटतात, ज्यांचे नाव शौर्यपदकाच्या यादीत दिसत नाही, पण ज्यांच्याशिवाय तुकडी एक रात्र निभावू शकत नाही. त्यामुळे मला फोर्मिगाबद्दल आपुलकी आहे हे आधीच सांगून टाकतो. ऐकताना तेवढी वजावट करून घ्या.

तिचा जन्म ३ मार्च १९७८ चा, बाहिया राज्यातल्या साल्वादोर शहरातला. ही तारीख लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी ब्राझीलमध्ये मुलींनी फुटबॉल खेळणे कायद्याने बंद होते. हो, ब्राझीलमध्ये. पेलेच्या देशात, तीन विश्वचषक जिंकून झालेल्या देशात. १९४१ साली जेतुलियो वार्गास यांच्या राजवटीत एक सरकारी फर्मान निघाले. त्याच्या ५४ व्या कलमात म्हटले होते की स्त्रियांच्या प्रकृतीशी विसंगत असलेले खेळ त्यांना खेळू देऊ नयेत. कोणते खेळ विसंगत, हे तेव्हा लिहिलेले नव्हते. १९६५ मध्ये, म्हणजे लष्करी राजवट आल्यानंतर, क्रीडा परिषदेने यादीच जाहीर केली आणि त्यात फुटबॉलचे नाव घातले. बंदी उठली १९७९ मध्ये. त्या वेळी फोर्मिगा एक वर्षाची होती. महिला फुटबॉलला रीतसर नियम मिळायला १९८३ उजाडले.

ब्राझीलच कशाला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनेही १९२१ मध्ये महिलांना आपल्या मैदानांची दारे बंद केली होती, आणि कारण काय तर हा खेळ स्त्रियांना योग्य नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९२० च्या नाताळात, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा एक सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. म्हणजे लोकांना आवडत नव्हते म्हणून बंद केले असेही म्हणता येत नाही. इंग्लंडची बंदी उठायला पन्नास वर्षे लागली. पश्चिम जर्मनीनेही १९५५ ते १९७० अशी बंदी घातली होती.

कायदा रद्द करायला एक सही पुरते. घरातला कायदा तसा रद्द होत नाही. फोर्मिगाने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की मुलांबरोबर चेंडू खेळते म्हणून तिचे भाऊच तिला मारायचे. आईने मात्र पाठराखण केली. आपल्याकडच्या अनेक खेळाडू मुलींच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील; देश, भाषा, रंग बदलतो, पण हा प्रसंग तोच राहतो, आणि बहुतेक वेळा त्यात आईच उभी राहिलेली दिसते.

किशोरवयातच तिने घर सोडले आणि १९९५ मध्ये, सतरा वर्षांची असताना, स्वीडनमधल्या विश्वचषकात ती ब्राझीलच्या संघात होती. महिलांचा हा दुसराच विश्वचषक. ब्राझीलने यजमान स्वीडनला हरवले, पण जपानकडून पराभव झाला आणि जर्मनीने ६-१ असा धुव्वा उडवला. गटात शेवटचा क्रमांक. त्या पिढीच्या खेळाडू सांगतात की अंगावरचे कपडेही पुरुष संघाचे उरलेले असायचे, मापाने मोठे. सैन्यात नवीन रंगरूटाला ढगळ गणवेश मिळतो, पण तो त्याच्यासाठी काढलेला तरी असतो. इथे तेही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण यापुढची कारकीर्द समजायला ती जागा समजली पाहिजे.

फोर्मिगाची जागा बचाव फळीच्या किंचित पुढे, मैदानाच्या मध्यावर. ब्राझीलमध्ये या जागेला 'वोलांते' म्हणतात. कार्लोस वोलांते नावाचा एक अर्जेंटिनी खेळाडू १९३८ ते १९४३ या काळात रिओच्या फ्लामेंगो क्लबकडून या जागी खेळायचा, त्याचेच आडनाव जागेला पडले असे सांगतात. ब्राझीलचा खेळ तुम्ही पाहिला असेल. त्यांच्या कडेच्या बचावपटूंना मागे थांबवत नाही. संधी मिळाली की सुसाट पुढे जातात. ते पुढे गेले की मागे खिंडार पडते. समोरच्या संघाने चेंडू हिसकावला तर तो थेट त्या खिंडारातून घुसणार. ते खिंडार बुजवायला आधीच सरकून उभे राहणे, हे वोलांतेचे पहिले काम. गंमत अशी की ते काम नीट झाले तर काहीच घडत नाही. प्रतिस्पर्धी खेळाडू मान वर करून बघतो, वाट बंद दिसते, तो चेंडू मागे देतो. प्रेक्षकाला वाटते, हल्ला मंदावला. तो मंदावलेला नसतो, मंदावलेला असतो कोणीतरी.

दुसरे काम सुटलेला चेंडू. उंचावरून आलेल्या चेंडूसाठी दोघे उडी मारतात, तो कोणाच्या तरी डोक्याला लागून कुठेतरी पडतो. कुठे पडणार याचा अंदाज बांधून तिथे आधी पोचणे हे पायांपेक्षा डोक्याचे काम आहे. आणि तिसरे म्हणजे चेंडू मिळाल्यावर काय करायचे ते चेंडू मिळण्याआधी ठरलेले असणे. या जागी चारही बाजूंनी माणसे येतात. कडेला खेळणाऱ्याला निदान एका बाजूने रेषेचे संरक्षण असते, मध्यावर पाठही उघडी. म्हणून चांगला मधला खेळाडू पाहा, त्याची मान सतत फिरत असते. गस्तीवर पुढे चालणारा जवान तसाच असतो. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा दहा मिनिटे चेंडूकडे बघू नका, एका मधल्या खेळाडूच्या मानेकडे बघा. खेळ वेगळाच दिसू लागेल.

फोर्मिगा हे सगळे करायची, आणि वर पुढे जाऊन अधूनमधून गोलही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलवर पहिला गोल केला. हा तोच जर्मनी, ज्याने वर्षभरापूर्वी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलला हरवले होते. मध्यंतराच्या जरा आधी बरोबरीचा गोल केला तो फोर्मिगाने. मग क्रिस्तियाने आणि मार्ताने सुटून खेळत सामना ४-१ असा जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या चित्रांमध्ये मार्ता आणि क्रिस्तियाने असणार हे ओघानेच आले.

पदकांचा हिशेब मात्र कडू आहे. २००४ अथेन्स ऑलिंपिक : अंतिम सामना, अमेरिकेकडून जादा वेळेत २-१ पराभव, रौप्य. २००७ विश्वचषक : उपांत्य सामन्यात अमेरिकेचा ४-० असा फडशा पाडला, पण शांघायच्या अंतिम सामन्यात जर्मनीकडून २-० हार; मार्ताची पेनल्टी जर्मन गोलरक्षिकेने अडवली. २००८ बीजिंग : पुन्हा अमेरिका, पुन्हा जादा वेळ, १-० पराभव, पुन्हा रौप्य. अमेरिकेला पिढ्यान्‌पिढ्या विद्यापीठांतून खेळाडू मिळत होत्या, जर्मनीला पक्की लीग होती. ब्राझीलकडे होती प्रतिभा आणि काही चिवट बायका. जादा वेळेत प्रतिभा टिकत नाही, तयारी टिकते. दोन्ही ऑलिंपिक अंतिम सामने जादा वेळेतच हातचे गेले याला मी निव्वळ दुर्दैव म्हणायला तयार नाही.

त्या मुलींनाही ते कळत होते. शांघायमध्ये पदके घेताना त्यांनी हाताने लिहिलेला एक फलक उंचावला होता : ब्राझील, आम्हाला पाठबळ हवे. विचार करा, विश्वचषकाच्या उपविजेत्या, गळ्यात पदक, आणि हातात मागणीपत्र. त्याच वर्षी महिलांसाठी ब्राझील चषक सुरू झाला. पण महिलांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१३ उजाडले. मधल्या काळात २०१२ च्या आरंभी सांतोससारख्या नामांकित क्लबने खर्च परवडत नाही म्हणून महिला संघ बंद केला. तेव्हा त्याच क्लबात नेमार खेळत होता, एवढेच सांगतो. (पुढे त्यांनी तो संघ पुन्हा उभा केला.)

असा देश असल्यावर खेळाडू काय करणार? जिथे मैदान मिळेल तिथे जाणार. फोर्मिगा स्वीडनमध्ये खेळली, अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि शिकागोकडून खेळली, परत येऊन साओ जोसे क्लबकडून खेळली. दर थोड्या वर्षांनी नवे गाव, नवी भाषा, नवे हवामान. फौजी कुटुंबांना हे सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की आमच्या बदलीच्या हुकुमाबरोबर निवासाची सोय आणि पगाराची खात्री यायची.

आता तिच्या वयाबद्दल. २०१५ च्या विश्वचषकात माँट्रियल इथे दक्षिण कोरियाविरुद्ध तिने गोल केला तेव्हा ती ३७ वर्षे ९८ दिवसांची होती. महिला विश्वचषकात इतक्या वयात तोवर कोणी गोल केला नव्हता. २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकनंतर तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. अडतिसाव्या वर्षी. रीतसर निरोपाचे सामने झाले, फुले झाली. आणि लगेच जानेवारी २०१७ मध्ये ती पॅरिस सेंट जर्मेन या फ्रेंच क्लबात दाखल झाली! ज्या वयात खेळाडू समालोचनाच्या खुर्चीकडे वळतो, त्या वयात युरोपातल्या पहिल्या प्रतीच्या क्लबात. तिथे ती साडेचार वर्षे राहिली. २०२०-२१ च्या हंगामात पॅरिसने फ्रेंच लीग जिंकली. त्याआधी ल्योंने ती सलग चौदा वेळा जिंकली होती. चौदा! ती साखळी तुटली तेव्हा फोर्मिगा ४३ वर्षांची होती.

सैन्यात शारीरिक चाचणीला वयोगटानुसार वेळेत सवलत असते, आणि चाळिशी ओलांडलेले आम्ही अधिकारी ती सवलत काही नाकारत नव्हतो. फुटबॉलमध्ये वयोगट नाही. वीस वर्षांची मुलगी अंगावर धावून आली तर तिला 'जरा सावकाश' म्हणता येत नाही. मग हे कसे जमते? माझा तर्क असा : धाव कमी होते, पण धावायचे कुठे हे कळत जाते. विशीतली खेळाडू चेंडूमागे धावते, चाळिशीतली चेंडू जिथे येणार तिथे चालत जाते. ही सवलत फक्त मधल्या जागेला आहे. आघाडीच्या खेळाडूचा वेग गेला की दुकान बंद. मधल्या खेळाडूची दृष्टी उरली तर तो वेगाची भरपाई करू शकतो. अर्थात शरीर सांभाळावे लागतेच, ते फुकटात होत नाही.

निरोप घेतलेल्या माणसाला परत बोलावतात तेव्हा त्यात कौतुक असते आणि यंत्रणेचे अपयशही असते. प्रशिक्षक वादाओ यांनी तिला गळ घातली आणि ती २०१८ मध्ये परतली, ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचा करंडक जिंकला. मधल्या काळात तिथे बरेच काही घडून गेले होते. महिला संघाला पहिल्यांदाच एमिली लिमा ही महिला प्रशिक्षक मिळाली होती, आणि २०१७ मध्ये एका वर्षाच्या आतच तिला काढून टाकले. निषेध म्हणून क्रिस्तियानेसह काही खेळाडूंनी राष्ट्रीय संघ सोडला होता. क्रिस्तियाने नंतर परतली.

२०१९ चा फ्रान्समधला विश्वचषक हा फोर्मिगाचा सातवा. पुरुष असो वा स्त्री, त्याआधी कोणीही सात विश्वचषक खेळलेले नव्हते. स्पर्धेत अशा कितीतरी मुली होत्या, ज्या तिच्या पहिल्या विश्वचषकाच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. गटातल्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात ब्राझील २-० असे पुढे होते, मध्यंतराच्या तोंडावर एक गोल खाऊन २-१. मध्यंतरात फोर्मिगाला बाहेर बसवले, मार्तालाही. उत्तरार्धात ऑस्ट्रेलियाने आणखी दोन गोल मिळवले, त्यातला एक ब्राझीलच्याच बचावपटूकडून झालेला, आणि सामना ३-२ असा फिरला. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये हे खरे. मार्ता नव्हती हेही खरे. पण तो उत्तरार्ध पुन्हा पाहा आणि मधल्या पट्ट्यात किती मोकळी जागा दिसते ते मोजा. वोलांते काय करते हे मी मघाशी सांगितले, ती नसली की काय होते ते तिथे दिसते.

बाद फेरीत यजमान फ्रान्सने जादा वेळेत २-१ ने हरवले. पुन्हा जादा वेळ! फोर्मिगा त्या दिवशी ४१ वर्षे ११२ दिवसांची होती. सामन्यानंतर मार्ता कॅमेऱ्यात रोखून पाहत बोलली. तिचा रोख देशातल्या मुलींकडे होता. फोर्मिगा कायम राहणार नाही, मार्ता कायम राहणार नाही, क्रिस्तियाने कायम राहणार नाही, महिला फुटबॉल तुमच्यावर अवलंबून आहे, अशा आशयाचे ते बोलणे. लोकांना त्यातले अश्रू आठवतात. मला आठवते ते हे की यादीत पहिले नाव तिने फोर्मिगाचे घेतले. सहा वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या बाईला कोणाच्या जिवावर आपण पुढे खेळलो हे ठाऊक होते.

काही गोष्टी हलल्या. २०१९ पासून ब्राझीलच्या अव्वल पुरुष क्लबांना महिला संघ ठेवणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या महासंघाने राष्ट्रीय संघाच्या पुरुष आणि महिला खेळाडूंना सारखाच भत्ता आणि बक्षीस देण्याचे जाहीर केले. त्या घोषणेच्या वेळी फोर्मिगाच्या राष्ट्रीय कारकिर्दीला पंचवीस वर्षे झाली होती. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्येच होणार आहे.

टोकियो ऑलिंपिक हे तिचे सातवे. महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आले १९९६ ला, अटलांटात. तेव्हापासून टोकियोपर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये खेळलेली ती जगातली एकटीच. उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाने पेनल्टीवर हरवले.

आपल्याकडे १९९५ मध्येच मणिपूरची एक पंधरा वर्षांची मुलगी भारताकडून खेळायला लागली होती. ओइनाम बेंबेम देवी. तीही मधल्या फळीतली. ती २०१६ मध्ये शिलाँगच्या दक्षिण आशियाई स्पर्धेचे सुवर्ण घेऊन निवृत्त झाली आणि २०२० मध्ये पद्मश्री झाली. दोघींच्या कारकिर्दी जवळजवळ एकाच काळातल्या. फोर्मिगाला निदान विश्वचषक आणि ऑलिंपिकचे मैदान मिळाले. बेंबेमच्या काळात असा टप्पा येऊन गेला की भारताचा महिला संघ सामनेच खेळत नसल्यामुळे जागतिक क्रमवारीतून गळाला. ईशान्येत नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, तिथे मुली किती आणि कशा खेळतात ते सांगेल. कमतरता मुलींची नव्हती.

आणि या दोन देशांची गाठ पडली ती फोर्मिगाच्याच निरोपाला. २५ नोव्हेंबर २०२१, ॲमेझॉनच्या काठचे मानाउस शहर. चार देशांच्या स्पर्धेतला ब्राझील विरुद्ध भारत सामना, राष्ट्रीय संघाकडून तिचा शेवटचा. आपल्या मुली जानेवारीत महाराष्ट्रात होणाऱ्या आशियाई चषकाची तयारी करत होत्या. (तो चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, पण शिबिरात करोना पसरल्यामुळे आपल्याला माघार घ्यावी लागली. तो विषय स्वतंत्र भागाचा.) मानाउसला पहिल्याच मिनिटात ब्राझीलने गोल केला. आठव्या मिनिटाला पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्याच्या मनीषा कल्याणने तो फेडला. १-१. ब्राझीलविरुद्ध, ब्राझीलमध्ये. ती आघाडी-बरोबरी अर्ध्या तासाच्या आसपास टिकली, मग जे व्हायचे ते झाले आणि सामना ६-१ असा संपला. मनीषा पुढच्याच वर्षी सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली.

फोर्मिगा उत्तरार्धात बदली म्हणून उतरली. राष्ट्रीय संघाकडून तो तिचा २३४ वा सामना; ब्राझीलमध्ये स्त्री-पुरुष धरून इतके सामने कोणी खेळलेले नाही. क्लबचा खेळ मात्र तिने त्या दिवशी सोडला नाही. पॅरिसहून ती साओ पाउलो क्लबात परतली होती, आणि पुढच्या वर्षीही ती त्यांच्याच संघात होती.